इंग्लंडला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊ-वहिनी रेडिंगला राहतात त्यामुळे आमचं जाणंयेणं असतं, आणि ओळखीतलं कोणी इंग्लंडला निघालं की मला फोन येतोच. प्रश्न साधारण तेच ते असतात, बकिंगहॅम पॅलेसचं क्वचित कोणी विचारतं, विचारतात ते तूप नेऊ का, ट्रेनचं दार उघडलंच नाही तर काय, पोळ्या कुठे मिळतील. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. व्हिसाचं यात काही नाही, ते त्यांच्या सरकारी वेबसाईटवरच बघा, नियम सारखे बदलतात.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी तीच आहे. तिथे आपलं आपण करायचं असतं, पाटी वाचायची, बटण दाबायचं, कार्ड लावायचं, आणि तुम्ही चुकत असाल तरी कोणी आपणहून येऊन सांगणार नाही, दुसऱ्याच्या मध्ये पडणं त्यांना बरं वाटत नाही. पण तुम्ही विचारलंत की तीच माणसं थांबतात, मोबाईल काढून नकाशा दाखवतात, कधी कधी कोपऱ्यापर्यंत सोबत चालत येतात. तेव्हा विचारा, अजिबात लाजू नका.

तूप, पेढे, हापूस, कढीपत्ता... काय नेता येतं?

दुधाचं आणि मांसाचं नाही. भारतातून जाताना तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, श्रीखंड सगळं बंद, घरचं असो की चितळ्यांचा सीलबंद बॉक्स असो. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही झाडांच्या रोगकिडीचं सर्टिफिकेट लागतं, जे आपल्याकडे कुठून असणार, म्हणून आंब्याची पेटी घेऊन निघू नका. २०१४ मध्ये तर फळमाशीमुळे युरोपने आपला हापूसच बंद केला होता, पुढच्या वर्षी परत सुरू झाला, त्यामुळे या बाबतीत ते लोक किती कडक आहेत ते समजून घ्या. चकली, चिवडा, मसाले, मेतकूट, पापड, कुळथाचं पीठ खुशाल न्या, लोणचं चेक-इन बॅगेत आणि दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

आणि खरं सांगू का, न्यायची फारशी गरजच नाही. लंडनमधलं साऊथॉल, वेम्बलीचा इलिंग रोड, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड इथे सगळं मिळतं, तूप तर साध्या सुपरमार्केटात असतं, आणि सीझनला हापूसच्या पेट्या दुकानाबाहेर रचलेल्या दिसतात. वहिनीच्या आईने लेकीसाठी बेळगावी कुंदा नेला होता, तो विमानतळावर काढून घेतला, माऊलीचे डोळे भरून आले. कुंद्याची किंमत काय असते हो, पण तो करायला आदल्या रात्री जागल्या होत्या त्या.

पाऊंड कॅशमध्ये किती न्यायचे?

थोडेच. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख चालतच नाही, बऱ्याच कॅफेंवर फक्त कार्ड अशी पाटी असते. जायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करून घ्या, आपल्याकडे ते बंदच असतं बाय डिफॉल्ट, आणि तिथे गेटवर उभं राहिल्यावर ओटीपी यायला भारतातलं सिम चालू नसतं.

आता जुन्या नोटांचं. प्रत्येक घरात एक आत्या किंवा मामा असतात ज्यांनी पूर्वीच्या ट्रिपचे उरलेले पाऊंड कपाटात जपून ठेवलेले असतात आणि निघताना ते प्रेमाने तुमच्या हातात देतात. त्या कागदी नोटा असतील तर दुकानात घेणार नाहीत. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, पाच-दहाच्या त्याच्याही आधी, आता सगळ्या नोटा प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत. गोल एक पाऊंडचं नाणंही २०१७ मध्ये गेलं, आताचं बारा कोनांचं आहे. पण नोटा फुकट गेल्या असं नाही हं, बँक ऑफ इंग्लंडच्या लंडनमधल्या थ्रेडनीडल स्ट्रीटच्या काऊंटरवर जुन्या नोटा कायम बदलून मिळतात, फोटो असलेलं ओळखपत्र आणि रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. काही ठराविक पोस्ट ऑफिसांतही होतं.

ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, नवऱ्याचं आणि माझं मिळून एकच कार्ड चालेल का?

नाही. माणशी एक कार्ड. गेटमधून आत जाताना टॅप केलेलं कार्ड बाहेर येताना परत टॅप झालं तरच भाड्याचा हिशोब लागतो, त्यामुळे एकाच कार्डाने दोघं आत गेलात तर दुसऱ्याचा प्रवास अर्धवट राहतो आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. अजून एक खुबी, जी फार कमी लोकांना ठाऊक असते: तेच कार्ड मोबाईलमध्ये घातलं असेल तर मोबाईल आणि प्लॅस्टिकचं कार्ड ही सिस्टीमच्या दृष्टीने दोन वेगळी कार्डं आहेत. आत मोबाईलने आणि बाहेर कार्डाने असं केलंत की दोन अर्धवट प्रवास. सकाळी जे हातात घ्याल तेच दिवसभर वापरा, म्हणजे दिवसाची जी कमाल मर्यादा असते तिचाही फायदा मिळतो, एका ठराविक रकमेनंतर कितीही फिरा, पैसे कापले जात नाहीत. बसमध्ये मात्र फक्त चढताना टॅप, उतरताना नाही. अकराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट, त्यांना बाजूच्या रुंद गेटमधून न्यायचं.

हीथ्रोवरून येताना एक काळजी घ्या. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणारी हीथ्रो एक्स्प्रेसही असते आणि एलिझाबेथ लाईनही असते, दोन्ही कार्ड लावून चढता येतात, पण एक्स्प्रेसचं भाडं कितीतरी जास्त आहे. घाई नसेल तर एलिझाबेथ लाईन, ही २०२२ मध्ये सुरू झाली, डबे मोठे आणि एसी, सामान ठेवायला जागा. ट्यूबची पिकॅडिली लाईन सगळ्यात स्वस्त पण वेळ घेते आणि मोठ्या बॅगा असतील तर अंग चोरून बसावं लागतं.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी. आपण घोळक्याने गप्पा मारत उभे राहतो आणि मागे ऑफिसची माणसं तुंबतात, ती बोलत नाहीत काही, नुसती थांबून राहतात. अजून एक, नॉर्दर्न लाईनला मध्ये दोन फाटे आहेत, बँकवरून जाणारा आणि चेअरिंग क्रॉसवरून जाणारा, चढायच्या आधी गाडीच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचा.

ट्रेनचं तिकीट काढलंय, आधीची गाडी मिळाली तर चढू का?

तिकिटावर अ‍ॅडव्हान्स लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर ते फक्त त्या तारखेच्या त्या वेळेच्या त्या गाडीचं तिकीट आहे, अर्धा तास आधीच्या रिकाम्या गाडीत चढलात तरी ते विदाऊट तिकीटच. आमचे एक काका-काकू यॉर्कला जाताना किंग्ज क्रॉसला लवकर पोचले, समोर यॉर्कचीच गाडी उभी, बसले. टीसी आली, फार गोड बोलली, माफीसुद्धा मागितली, आणि दोघांची नवीन तिकिटं फाडली जी मूळ तिकिटांच्या कितीतरी पट होती. काका म्हणत होते अहो सीट तर रिकाम्याच आहेत, पण तिथे तो मुद्दाच नाही. बदलायचं असेल तर गाडी सुटायच्या आधी दहा पाऊंडपर्यंत फी आणि भाड्यातला फरक भरून बदलून घ्या. ऑफ-पीक तिकीट थोडं महाग पडतं पण गर्दीची वेळ सोडून कुठलीही गाडी चालते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी तेच घेते, धावपळ वाचते.

दोघं मिळून फिरणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, वर्षाचे ३५ पाऊंड आहेत आणि दोघांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट, फक्त दोघं सोबत हवेत आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं. लंडन ते यॉर्क आणि परत एवढ्यातसुद्धा बरेचसे पैसे वसूल होतात.

युस्टन, किंग्ज क्रॉस अशा मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर बराच उशिरा लागतो, पुष्कळदा जेमतेम दहा मिनिटं आधी, तोवर सगळे मान वर करून उभे असतात आणि नंबर लागला की एकदम निघतात. घाबरू नका पण बॅगा हातात ठेवा, दारं गाडी सुटायच्या आधीच बंद होतात, एखाद-दोन मिनिटं आधीसुद्धा. आणि हो, बऱ्याच गाड्यांची दारं आपोआप उघडत नाहीत. बटणाभोवतीचा दिवा लागला की ते दाबायचं. लहान स्टेशनवर तुम्ही दाराशी वाट बघत उभे आणि गाडी तुम्हाला घेऊन पुढे निघून गेली असं होतं, आमच्या शेजारच्या जोशीकाकूंचं झालं, पुढच्या स्टेशनवर उतरल्या तर तिथल्या माणसाने चहा दिला आणि स्वतः परतीच्या गाडीत बसवून दिलं. अजूनही सांगतात त्या, चेहरा उजळतो सांगताना. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन दोन गावांना जातात, त्याची घोषणा होते, कुठले डबे कुठे ते कान देऊन ऐका.

गाडी लेट झाली तर डिले रिपे म्हणून पैसे परत मागता येतात, बऱ्याच कंपन्यांचं पंधरा मिनिटं उशिरापासून तर काहींचं अर्ध्या तासापासून, २८ दिवसांच्या आत ऑनलाईन फॉर्म भरायचा, तिकीट फेकू नका. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस असते, आदल्या रात्री चेक करा.

राहतो तिथे स्वयंपाक करू शकतो ना? फोडणीचं काय?

हा प्रश्न खरा महत्त्वाचा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेगडी लागत नसेल तर आधी भिंतीवर बघा, ओट्याजवळ एक मोठा स्विच असतो, बहुतेकदा लाल, त्याच्यावर कधी कधी कुकर लिहिलेलं असतं, प्रेशर कुकरशी त्याचा संबंध नाही, तो आख्ख्या शेगडी-ओव्हनचा मेन स्विच आहे. तो बंद असला की तुम्ही कितीही बटणं फिरवा काही होणार नाही. इंडक्शन असेल तर आपली अल्युमिनियमची कढई आणि जुना हिंडालियमचा कुकर त्यावर तापत नाही, भांड्याला खाली लोहचुंबक चिकटतं का बघून घ्या.

मग स्मोक अलार्म. भावाच्या आधीच्या फ्लॅटमध्ये वहिनीची आई आल्या होत्या, पहिल्याच सकाळी पोहे करायला घेतले, तेल कडकडीत तापलं, मोहरी तडतडली, मिरची आणि हिंग पडला आणि ठसका लागायच्या आत छतावरची ती पांढरी डबी किंचाळायला लागली. आवाज असा की कानाचे पडदे फाटतील. त्यांना वाटलं काहीतरी फुटलं, झारा हातात घेऊनच दाराबाहेर गेल्या, समोरच्या घरातले आजोबा ड्रेसिंग गाऊनवर बाहेर आले, आत येऊन खिडकी उघडली, टेबलावरचं टॉवेल घेऊन डबीखाली जोरजोरात वारा घातला, दोन मिनिटांत शांत. मग पोहे खाऊनच गेले.

तर फोडणी द्यायच्या आधी चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन फुल, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. तेल धूर येईपर्यंत तापवू नका. वाजलाच तर शेगडी बंद, टॉवेलने वारा, काही डब्यांवर गप्प करायचं बटण असतं. सेल काढून ठेवू नका, आणि डबीवर पिशवी तर मुळीच बांधू नका, आग लागली तर तीच जागं करणार आहे. हॉटेलात किंवा मोठ्या बिल्डिंगमध्ये हा अलार्म सगळ्या इमारतीचा असू शकतो, मग सगळ्यांना खाली रस्त्यावर यावं लागतं, अगदी लहान पोरंसोरं घेऊन. तिथे खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावून खिचडी करायचा विचार करू नका, सुपरमार्केटमध्ये तयार भात आणि डाळी मिळतात, खोलीत किटली असतेच, उपमा प्रीमिक्स त्या पाण्यात होतो.

बाथरूममध्ये काय वेगळं असतं?

जेट स्प्रे नसतो, एक लहान मग बॅगेत टाकाच. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीला आपल्या मोरीसारखा उतार आणि जाळी नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीत सांडायचं, पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर बादलीने आंघोळ केली तर पाणी जायला जागाच नाही, लाकडी जमिनीतून खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं. एका ओळखीच्या कुटुंबाला असंच छताचं भरून द्यावं लागलं.

लाईटचा स्विच आत नसतो, छतावरून दोरी लोंबते ती ओढायची. शॉवर इलेक्ट्रिक असला तर त्याची वेगळी दोरी, ती ओढली नाही तर गार पाणीच येतं किंवा येतच नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणच्या अपंगांसाठीच्या टॉयलेटमध्ये लाल दोरी असते, ती लाईटची नाही, मदतीचा अलार्म आहे, आणि कोणी पडलं तर हाताला लागावी म्हणून ती जमिनीपर्यंत सोडलेली असते, बांधून वर ठेवू नका.

जुन्या घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे, एक पोळतो आणि दुसरा गारठवतो, बेसिनला बूच लावून त्यात दोन्ही मिसळा.

आपले चार्जर चालतात का?

व्होल्टेज तेच, पिना वेगळ्या. तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि एक आपला एक्स्टेंशन बोर्ड नेला तर एका अ‍ॅडॉप्टरवर सगळ्यांचे फोन लागतात, फक्त त्यावर इस्त्री-किटली लावू नका, त्यांच्या प्लगच्या आत फ्यूज असतो तो जातो. बाथरूममध्ये साधं सॉकेट नसतं.

आम्ही शाकाहारी आहोत, हाल होतील का?

अजिबात नाही, उलट युरोपात इतकं सोपं दुसरीकडे कुठे नाही असं माझं मत आहे. व्हेजिटेरियन सोसायटी इंग्लंडातच १८४७ मध्ये स्थापन झाली आणि शिकायला गेलेले गांधीजी लंडनच्या शाकाहारी मंडळींतच पहिल्यांदा मिसळले. आज बहुतेक मेन्यूंवर आणि पाकिटांवर व्हेज-व्हीगनची खूण असते, सँडविच, ज्यूस आणि वेफर्सचं पाकीट मिळून जे मील डील मिळतं त्यात व्हेजचे दोन-चार प्रकार असतातच.

पण आपल्या लक्षात न येणाऱ्या जागा आहेत त्या सांगते. मेयोनीजमध्ये अंडं. काही चीजमध्ये रेनेट, म्हणजे प्राण्याच्या पोटातलं दूध घट्ट करणारं द्रव्य, पार्मेझान तर कायमच. मुलांच्या जेली गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं जिलेटीन. वूस्टर सॉसमध्ये मासे. ख्रिसमसच्या मिन्स पायमध्ये मांस नसतं, सुकामेवा असतो, पण काहींत गाईची चरबी घालतात, व्हेजची खूण बघूनच घ्या. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताचं सॉसेज, गोड काही नाही त्यात. आणि सगळ्यात दगा देणारे बटाट्याचे चिप्स, म्हणजे तिथले जाडे फ्रेंच फ्राईज, यॉर्कशायरकडे आणि उत्तरेत पुष्कळ जुन्या दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. ऑर्डर द्यायच्या आधी कशात तळता एवढं विचारा, सरळ सांगतात. २०२१ पासून तर दुकानातच बनवून पॅक केलेल्या सँडविचवरसुद्धा सगळे घटक छापावे लागतात, सँडविचमधल्या तिळाची अ‍ॅलर्जी होऊन एक पंधरा वर्षांची मुलगी गेली, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी झगडून तो कायदा आणला. पाकीट हातात घेऊन दोन मिनिटं वाचत उभं राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं, आणि जिथे दारूचं लायसन्स आहे तिथे ते मागितल्यावर फुकट द्यावंच लागतं असा कायदा आहे. बिलात बऱ्याचदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, सहसा तो ऐच्छिक असतो, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं.

पबमध्ये बसलो पण कोणी ऑर्डर घ्यायलाच आलं नाही...

येत नाही. टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, काऊंटरवर जाऊन ऑर्डर आणि पैसे द्यायचे, जेवण टेबलावर येतं. दारू घ्यायलाच हवी असं काही नाही, लिंबूपाणी, कॉफी, सूप चालतं, मुलं आजी-आजोबा सगळे येतात. खेडेगावांत दुपारचं किचन अडीचच्या सुमाराला बंद होतं, आपण तीनला भुकेले पोचतो आणि फक्त वेफर्स मिळतात.

रविवारी दुकानं बंद असतात?

मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरच्या वरची, रविवारी फक्त सलग सहा तास उघडी ठेवता येतात, दहा ते सहाच्या दरम्यान. १९९४ चा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी अकरा ते पाच. कोपऱ्यावरची लहान दुकानं उघडी असतात. २५ डिसेंबरला मात्र ट्रेन, ट्यूब, लंडनच्या बस काहीही चालत नाही, ख्रिसमसची रोषणाई बघायला जायचं तर त्या दिवसाचं खाणं आधीच घरात आणून ठेवा.

हवेचं काय, किती जाड कपडे?

एकच जाड कोट नको, पातळ पातळ तीन थर आणि वर पावसाचं जाकीट. छत्री वाऱ्यात उलटते. जूनमध्ये लंडनला रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, बाबांना जेवायची वेळच कळेना. डिसेंबरात चारच्या आत अंधार, त्यामुळे हिवाळ्यात बाहेरची ठिकाणं सकाळी उरका. उन्हाळ्यात एसी नाही हे लक्षात ठेवा, १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश झालं होतं, आणि तिथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, आपल्याला विदर्भाची सवय असली तरी रात्री झोप येत नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, आपल्याशी फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. मोबाईल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही.

आजारी पडलो तर?

इन्शुरन्स काढूनच जा, हे मी हात जोडून सांगते, विशेषतः आई-बाबांना पाठवत असाल तर. अपघात विभागातली तातडीची ट्रीटमेंट सगळ्यांना फुकट असते, पण अ‍ॅडमिट केलं की पाहुण्यांना बिल येतं, आणि तेही दीडपट दराने. जिवावरचं असेल तर ९९९, नाहीतर १११ ला फोन करा, ते प्रश्न विचारून कुठे जायचं ते सांगतात. अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, पॅरासिटामॉलसुद्धा दुकानात एका वेळी दोनच पाकिटं. बीपी-शुगरच्या गोळ्या पुरतील त्याहून थोड्या जास्त न्या, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, आणि निम्म्या हँडबॅगेत.

लंडन सेफ आहे का?

चालताना मोबाईल हातात धरून नकाशा बघत रस्त्याच्या कडेला उभे राहू नका, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. दुकानाच्या आत शिरा, बघा, मग चाला. याखेरीज रात्रीही वर्दळीच्या भागात आम्हाला कधी भीती वाटली नाही. समुद्रकिनारी मात्र वेगळेच चोर. व्हिटबी, ब्रायटन, सेंट आइव्हज, कुठेही जा, सीगल मागून येऊन हातातला चिप्सचा पुडा उचलतात, चांगले कोंबडीएवढे मोठे असतात, लहान मूल दचकून पडू शकतं. भिंतीला पाठ लावून किंवा छताखाली बसून खा.

मराठी माणसाने आवर्जून बघावं असं काही?

हो, आणि याला पूर्ण दिवस द्या, सेल्फीपुरतं नको. लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकताना इथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, उघडायच्या वेळा आधी बघून जा. लोकमान्य १९१८-१९ मध्ये, चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्याच्या वेळी, १० हाऊली प्लेसला राहिले, वॉर्विक अव्हेन्यू स्टेशनच्या जवळ, भिंतीवर निळी गोल पाटी आहे. हायगेटला ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू हे इंडिया हाऊस, सावरकर राहायचे ते. ही शेवटची दोन लोकांची राहती घरं आहेत, बेल वाजवू नका, समोरच्या फूटपाथवरून शांतपणे बघा.

सावरकरांची समुद्रावरची ती कविता १९०९ ची, ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. तिथे वाळू नाही, सगळे गोटे आहेत, चांगले बूट घाला, पाय मुरगळतो. पहिल्या महायुद्धात आपल्या जखमी सैनिकांचं हॉस्पिटल ब्रायटनच्याच रॉयल पॅव्हिलियनमध्ये होतं, जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे गेले त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, त्या जागी १९२१ पासून पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. शेवटचा टप्पा पायीच आहे, पण जमत असेल तर जाच. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात आणि आपली माणसं तिथे किती लांब येऊन गेली ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

वाघनखांचं खूप जण विचारतात. ती लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमची, २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला, तेव्हा जायच्या आधी ती कुठे आहेत ते बघा. म्युझियम मात्र बघाच, प्रवेश फुकट आहे. गणपतीत असाल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, आरतीला उभं राहिलं की खूप बरं वाटतं.

गाडी भाड्याने घ्यावी का?

आपलं लायसन्स १२ महिन्यांपर्यंत चालतं, गाड्या डावीकडूनच. पण वेग मैलात, गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि मध्य लंडनमध्ये शिरायचे पैसे आपले आपण ऑनलाईन भरायचे, टोलनाका नसतो, विसरलात तर दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत येते. लेक डिस्ट्रिक्टला सुद्धा आम्ही ५५५ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढे बसून विंडरमियर ते केझिक गेलो, गाडीतून भिंतींपलीकडचं एवढं दिसलं नसतं. बसला हात दाखवायचा, नाहीतर थांबत नाही, आणि उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, तिथे सगळेच म्हणतात.

परत येताना खरेदीवरचा टॅक्स परत मिळतो ना?

नाही, ती स्कीम २०२१ च्या जानेवारीपासून बंद केली. नेटवर जुनी माहिती अजून फिरतेय, पण विमानतळावर त्याचा काऊंटर शोधत बसू नका, तो वेळ सिक्युरिटीच्या रांगेसाठी ठेवा, आणि द्रव पदार्थांचा नियम आता प्रत्येक विमानतळावर वेगळा आहे, तेव्हा जॅम आणि लेमन कर्डच्या बाटल्या सरळ चेक-इन बॅगेत.